वाचून दाखविला, बरोबर आहे

मी कचेरीत रुजू व्हायला गेलो तेव्हा अव्वल कारकुनांनी माझ्या हातातला नेमणुकीचा कागद बघितला, मग मला बघितलं आणि म्हणाले, "या, इरसाल."

मी नुकताच बी.ए. झालेलो, नवा सदरा घातलेला. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला कुणी इरसाल म्हणावं याचा मला इतका राग आला की कानशिलं तापली. शेजारचे दोघे कारकून तोंडावर हात धरून हसत होते. अव्वल कारकून मात्र गंभीर होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, की इरसाल म्हणजे पाठवणं, शब्द अरबी. जुन्या अमदानीत गावोगावचा वसूल वरच्या खजिन्यात रवाना व्हायचा, त्याला इरसाल म्हणत. तो शब्द पुढे बेरकी माणसाला कसा चिकटला याची त्यांची चौकशी अजून चालू होती. "पण तुम्हाला नगरहून इकडं रवाना केलंय," ते म्हणाले, "तेव्हा कागदोपत्री तुम्ही इरसालच. आता चहा घ्या."

सगळा तालुका त्यांना भाऊसाहेब म्हणायचा. नगर जिल्ह्याच्या कोरड्या टोकाचा तालुका, नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते त्या वर्षी आणखी कुठं कुठं झालं असेल ते देव जाणे.

उंच, किडकिडीत माणूस. डोक्यावर काळी टोपी आणि एप्रिलच्या उन्हातसुद्धा अंगात कोट. कोट का, तर त्याला आतून मोठा खिसा होता आणि त्या खिशात वही असायची. जुन्या मस्टरची पाठकोरी पानं सुतळीनं शिवून त्यांनीच ती केलेली. तिच्यात चार रकाने: शब्द, सांगणारा, गाव, प्रसंग. पुस्तकातला शब्द तिच्यात चालत नसे. "कोशातला शब्द म्हणजे पंचनामा झालेला शब्द," असं ते म्हणत, आणि लगेच त्यांना आठवायचं की पंचनाम्यातले पंच आपल्याकडचे आणि नामा इराणातला, मग समोरचा माणूस अर्धा तास सुटत नसे. वहीत शब्द चढायचा तो जिवंत माणसाच्या तोंडून, त्यांच्या स्वतःच्या कानांनी ऐकलेला. त्यासाठी ते कुणालाही कुठंही अडवायचे.

एकदा आठवडे बाजारात एक मिरचीवाली बाई गिऱ्हाइकाशी भांडत होती. "तुजं तळपट झालं मेल्या," असं ती ओरडली मात्र, भाऊसाहेब गर्दीतून वाट काढत तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. "बाई, हे तळपट म्हणजे नेमकं काय हो?" त्यांनी अदबीनं विचारलं. बाईनं त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "तुजं झाल्यावर कळंल," ती म्हणाली. भाऊसाहेबांनी तिथंच उभं राहून तेही लिहून घेतलं, तिचं गाव विचारलं आणि गरज नसताना पावशेर मिरच्या घेतल्या. त्या मिरच्या त्यांनी कचेरीत आम्हाला वाटल्या, कारण घरी नेल्या असत्या तर त्यांचंच तळपट झालं असतं, असं ते म्हणाले.

शिपायापासून रावसाहेबांपर्यंत, म्हणजे मामलेदारसाहेबांपर्यंत, सगळ्यांना ते अहो-जाहो करत. नव्या पैशाला पंधरा वर्षं होऊन गेली, आणे मोडीत निघाले, तरी पिकाची पाहणी अजून आण्यातच होते आणि तिला आणेवारीच म्हणतात याचं त्यांना कौतुक वाटे. तगाईचा, म्हणजे सरकारी शेतकर्जाचा, अर्ज घेऊन कुणी आला तर ते त्याला आधी सांगत, की तगाई म्हणजे बळ देणं. माणूस बिचारा मान हलवायचा आणि विचारायचा, "व्हय, पर मिळंल कधी?"

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मी दुष्काळ म्हणतोय, पण आम्हाला कचेरीत तो शब्द लिहायला बंदी होती. कायद्यातून तो काही वर्षांपूर्वीच काढून टाकलेला. वरून परिपत्रक आलं की पत्रव्यवहारात टंचाई असा उल्लेख करावा. भाऊसाहेबांनी ते परिपत्रक दोनदा वाचलं. "दुष्काळ म्हणजे वाईट काळ," ते म्हणाले. "दोनच तुकडे, पोरालाही कळतील. तो खोडला. आता वाईट काळ आला तरी त्याला यायला नाव नाही." आम्ही हसलो. त्यांचं काहीही ऐकलं तरी हसायची आम्हाला सवय लागली होती.

तालुक्यात पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडायची केंद्रं सुरू झाली. गावंच्या गावं तिथं जाऊन बसली. मस्टरवर नाव असलेल्यांना आणि त्यांच्या पोरांना दुपारी सुकडी मिळे. पीठ, गूळ, तेल यांचा तो कोरडा भुगा. भाऊसाहेब कामांची तपासणी करायला जात आणि येताना वहीत चार-पाच शब्द आणत. दगडांचे, भेगांचे, तहानेचे. मला आता वाटतं की त्यांना ते बरं वाटत असावं. इतकी माणसं एका जागी, इतके शब्द. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मीच त्यांना विचारायचो, "आज काय घावलं, भाऊसाहेब?"

त्यांची एक रीत मात्र सगळ्या तालुक्याला ठाऊक होती, आणि ती चेष्टेची नव्हती. कचेरीत कुणाचा जबाब घ्यायचा असला की माणूस त्याच्या बोलीत बोलतो आणि कारकून कचेरीच्या भाषेत लिहितो: विचारलेवरून जबाब लिहून देतो की अमुक अमुक. शेवटी ओळ असते: सदरचा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे. त्याखाली अंगठा. बहुतेक ठिकाणी वाचून कुणी दाखवत नसे. अंगठ्याला शाई लावली की झालं. भाऊसाहेब मात्र प्रत्येक जबाब वाचून दाखवत, आणि तोही कचेरीच्या भाषेत नाही, पुन्हा त्या माणसाच्या बोलीत फिरवून. मध्ये कुणी म्हणालं, "न्हाई साहेब, असं न्हवतं हुतं," तर कागद फाडून नवा लिहायला घेत. लोक म्हणायचे, भाऊसाहेबांपुढं अंगठा दिला तर घोर नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका खडी केंद्रावर एक म्हातारी मेली. बाभळीच्या सावलीत नातवंडं सांभाळत बसलेली, बसल्या जागी आडवी झाली. नगरच्या कुठल्याशा छोट्या पत्रात चार ओळी आल्या आणि मथळ्यात भूकबळी हा शब्द आला, पुढं प्रश्नचिन्ह होतं. आठ दिवसांत वरून विचारणा आली: हे खरे आहे काय? मुलाचा जबाब घेऊन तातडीने अहवाल पाठवावा.

मुलाचं नाव गेनू. तिशीचा असेल, चाळिशीचा दिसत होता. हाताला खडीचे ओरखडे. तो खुर्चीवर बसेना, जमिनीवर बसला, म्हणून भाऊसाहेबही खुर्ची सोडून त्याच्यासमोर खाली बसले. मी शेजारी लिहायला.

"आई कामावर न्हवती," गेनू म्हणाला. "वय झाल्यालं. मस्टरवर घेत न्हवते तिला. मी, बायकू आन दोन पोरं. मिळायची ती सुकडी पोरं खायची, थोडी आमी. आईला इचारलं का म्हनायची, मी मगाशीच खाल्लं. रोज त्येच म्हनायची. मंग काम बंद पडलं. दुसऱ्या कामावर नावं लागस्तोवर एकईस दिस गेले. सुकडी बी बंद. आई आटली, साहेब. रोज आटत गेली. आन मंग गेली."

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "आटली?"

मी मान वर करून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. हात कोटाच्या आत गेला होता.

"विहीर आटते. गाईचं दूध आटतं. माणसाला आटली म्हणता तुम्ही? तुमच्याच गावात म्हणतात की आसपास सगळीकडं?"

गेनू गोंधळला. सरकारी माणूस विचारतोय म्हणजे उत्तर द्यायला हवं, एवढंच त्याला कळलं. "आमच्यात म्हन्त्यात," तो म्हणाला.

"फक्त बाईला? की बाप्यालाही?"

"बाप्याला बी म्हन्त्यात. पर बापे आदी जेवत्यात. मंग बायाच आटत्यात."

भाऊसाहेबांनी वहीत लिहिलं. शब्द, सांगणारा, गाव. चौथ्या रकान्यापाशी, प्रसंग या रकान्यापाशी, त्यांचा टाक थांबला. त्यांनी मान वर केली तेव्हा गेनू त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. पुढचा प्रश्न काय आहे याची तो वाट बघत होता. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड असा गेला की मला तिकडं बघवेना. त्यांनी रकाना भरला, अगदी सगळं भरलं, म्हातारी काय म्हणायची, किती दिवस काम बंद होतं ते सगळं. मग वही मिटली आणि मला जबाबाचा कच्चा मसुदा सांगितला. त्यात त्यांनी भुकेने असा शब्द घातला. गेनूला ओसरीवर बसायला सांगितलं आणि मसुदा रावसाहेबांकडं गेला.

रावसाहेब वाईट नव्हते. भ्यालेले होते. नवी बढती, वरून रोज तारा. दीड तासानं मसुदा परत आला तेव्हा त्यावर तांबड्या पेन्सिलीनं काम झालं होतं. भुकेने गेलं. त्याजागी आलं: मयत वृद्ध असून बरेच दिवसांपासून आजारी होती. त्याखाली: कामावर सुकडीचे वाटप नियमित चालू होते. आणि त्याखाली आणखी एक ओळ, जिच्याकडं बघत भाऊसाहेब बराच वेळ उभे राहिले: आम्ही घरच्यांनी तिचे औषधपाणी वेळेवर केले नाही.

ते आत गेले. दार लोटलेलं होतं, आतलं बोलणं मला ऐकू आलं नाही. पाच मिनिटांत बाहेर आले. "लिहा," मला म्हणाले. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, तांबड्या पेन्सिलीबरहुकूम. त्यांनी का ऐकलं ते मला कधीच कळलं नाही. त्यांच्या पेन्शनला दीड वर्ष उरलं होतं, एवढं मला माहीत आहे. माझ्या नोकरीला तर जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि मीही टाक खाली ठेवला नाही.

गेनूला आत बोलावलं. रीत होती, वाचून दाखवायची. भाऊसाहेबांनी जबाबाचा कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचायला सुरुवात केली.

"आई कामावर नव्हती. तिचं वय झालेलं, म्हणून मस्टरवर घेत नव्हते. सुकडी पोरं खायची. आईला विचारलं की म्हणायची, मी मघाशीच खाल्लं..."

मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसलो होतो. कागद मला दिसत होता. त्यात यातलं काहीही नव्हतं. भाऊसाहेब सकाळचं सगळं, शब्दन् शब्द, त्या कागदाकडं बघत म्हणत होते. एकवीस दिवस म्हणाले, आटली म्हणाले. मला वाटतं, त्या माणसापुढं तो कागद होता तसा वाचायचा धीर त्यांना झाला नाही, आणि वाचून न दाखवता अंगठा घ्यायचाही झाला नाही. म्हणून त्यांनी दोन्हींहून वाईट ते केलं.

"बराबर हाय," गेनू म्हणाला. "तसंच झालं." त्यानं अंगठा दिला. उठताना त्यानं भाऊसाहेबांच्या पायांना हात लावला. "तुमी लिवलं, लई झालं साहेब."

त्या दिवसानंतर वहीत एकही शब्द चढला नाही. बाजारात बाया भांडत, गाडीवान बैलांना शिव्या देत, भाऊसाहेब खाली बघून चालत राहत. लोकांना वाटलं, म्हातारपण आलं. निवृत्त झाल्यावर ते शेवगावला आपल्या भाचीकडं राहायला गेले. पुष्कळ वर्षांनी मी तिकडं बदलून गेलो तेव्हा त्यांना भेटायला गेलो. ओट्यावर बसले होते. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "भाऊसाहेब, इरसालचा पुढं पत्ता लागला का?" ते म्हणाले, "कोशात बघा." मला रडू आलं.

मधलं एक मी सांगायचं टाळत आलोय. ते सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

त्याच वर्षी पोळ्याच्या सुमाराला गेनू पुन्हा कचेरीत आला. जबाबाची नक्कल हवी म्हणाला. तेव्हा नकला द्यायचं काम माझ्याकडं होतं.

"कशाला हवीय?" मी विचारलं.

"भैन हाय माजी, जामखेडकडं दिल्याली. आईच्या दिवसाला आली आन दारातच बोलली, तुमी खाल्लं आन आईला मारलं. तवापास्नं घरात पाय न्हाई ठिवला तिनं. राखीला बी आली न्हाई. माजं बोलनं ऐकत न्हाई. म्हनलं, सरकारच्या कागदावर लिवल्यालं हाय, भाऊसाहेबांनी वाचून दावलंय. ती म्हनली, घिऊन ये मंग त्यो कागुद. तिचा मालक वाचतो."

मी त्याला बसायला सांगून भाऊसाहेबांकडं गेलो. फाइल सापडत नाही म्हणून सांगतो, असं म्हणालो. त्यांनी मान हलवली. "नक्कल द्या," ते म्हणाले. "हक्क आहे त्यांचा. आणि त्यांना इकडं पाठवा."

मी नक्कल केली. खरी नक्कल असा शेरा मारला, वर कचेरीचा गोल शिक्का उठवला आणि गेनूला घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेलो. शिक्का आणि पॅड माझ्याबरोबरच होतं, कारण आणखी एका कागदावर भाऊसाहेबांची सही व्हायची होती. त्यांनी गेनूला या वेळी खुर्चीवर बसवलं. नक्कल हातात घेतली आणि वाचून दाखवली. होती तशी. वृद्ध होती, आजारी होती, सुकडी नियमित होती. शेवटची ओळ त्यांनी गेनूच्या बोलीत फिरवून सांगितली, त्याला नीट कळावी म्हणून. "आमी घरच्यांनी तिला येळंवर औशिदपानी केलं न्हाई."

गेनूनं नकलेवर बोट ठेवलं. "तुमी त्या दिशी येगळं वाचलं हुतं," तो म्हणाला.

"होय."

"आन माजा अंगटा ह्याच्यावर हाय?"

"होय. मी फसवलं तुम्हाला."

भाऊसाहेबांनी कोटातून वही काढली. ते पान शोधावं लागलं नाही, शेवटचंच होतं. त्यांनी ते हळूहळू सुतळीपासून सोडवलं, खाली स्वतःचं नाव, हुद्दा लिहिला, सही केली आणि गेनूपुढं ठेवलं. "तुम्ही सांगितलं ते सगळं यात आहे. हे दाखवा बहिणीला. मी सही केलीय."

गेनूनं पान उचललं. वाचता येत नव्हतं तरी दोन्ही बाजूंनी बघितलं, मग शेजारी नक्कल धरली. "ह्याच्यावर शिक्का न्हाई," तो म्हणाला. "दाजी म्हनल, शिक्क्याचं खरं का बिनशिक्क्याचं?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मागितलं नाही, नुसतं पाहिलं. मग गेनूनंही पाहिलं. शिक्का माझ्या हाताशी होता, अजून ओला. तसल्या पानावर कचेरीचा शिक्का मारणं म्हणजे नोकरी घालवणं होतं, आणि ज्यांची आधी जाणार होती त्या भाऊसाहेबांनी तर सही करून टाकली होती. मी पॅडचं झाकण लावलं. झाकणाचा आवाज तिघांनाही ऐकू गेला.

गेनूनं पान टेबलावर परत ठेवलं, भाऊसाहेबांकडं सरकवलं आणि नकलेची घडी घालून ती सदऱ्यात कोंबली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," तो म्हणाला. "तुमाला शब्द पायजे हुता. घावला तुमाला."